सात नंबरचा ठिपका

दिपमालानं दुर्बिणीचं चित्र मोठं केलं, रंग बदलून बघितले, खुर्ची मागे सारून उभी राहिली आणि लांबूनही बघितलं. सात नंबरचा ठिपका जागेवर नव्हता. सहा नंबर होता, त्याच्या डावीकडचा आठ नंबर होता, दीर्घिकेच्या मधोमध नेहमीचा धूसर गोळा होता, आणि गेली पाच वर्षं जिथं तिची नजर आपोआप जायची तिथं नुसता काळोख होता. चहा उतू गेल्याचा वास आला तेव्हा तिला आठवलं, की आपण चहा ठेवला होता. जळगावातल्या त्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत माघातलं कोवळं ऊन आलं होतं, खाली कुणीतरी भरताची वांगी भाजत होतं, रविवार होता, आणि दुपारी धुळ्याला तिचा सत्कार होता. सत्कार सात नंबरसाठीच होता.

गॅस बंद करून ती परत येऊन बसली. अंधारात जिना उतरताना शेवटची पायरी संपली तरी पाय आणखी एक पायरी शोधतो, तसं तिला झालं होतं. तिनं आधी स्वतःवर संशय घेतला. चित्र दुसऱ्याच दिशेचं तर नसेल? पण बाकीचे अकरा ठिपके आपापल्या जागी होते. दुर्बिणीची नजर मंद झाली असेल? पण आठ नंबर तर मागच्यापेक्षा ठळक दिसत होता. हे निरीक्षण तिनं मागवलेलं नव्हतं. परदेशातल्या कुठल्याशा गटानं वर्षभरापूर्वी घेतलेलं, आणि नियमाप्रमाणे वर्ष उलटल्यावर काल सगळ्यांसाठी खुलं झालेलं. म्हणजे सात नंबर आज विझला नव्हता, तो वर्षापूर्वीच विझलेला होता, आणि खरं तर साडेतीन कोटी वर्षांपूर्वी, कारण तिथला उजेड इथं पोचायला तेवढा काळ लागतो. तो विझलेला असताना ती जळगावच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या वर्गाला शिकवत होती, विद्यापीठात जाऊन प्रबंधाची प्रकरणं लिहीत होती, आणि प्रत्येक प्रकरणात त्याच्याबद्दल ‘तळपतो आहे’ असं म्हणत होती.

दूरच्या दीर्घिकांमध्ये असे काही ठिपके असतात, की जे साध्या दुर्बिणीतून दिसतही नाहीत, पण क्ष-किरणांत बघितलं तर इतके तेजस्वी असतात की हिशोबच चुकतो. एखादी जड वस्तू शेजारच्या ताऱ्याचं द्रव्य ओढून खाते तेव्हा ते द्रव्य तापतं आणि क्ष-किरण फेकतं, इथवर सगळं ठीक. पण उजेडालाही धक्का असतो. उजेड फार वाढला की तोच येणाऱ्या द्रव्याला मागे ढकलतो, म्हणजे खाणाऱ्याच्या वजनाप्रमाणे त्याच्या उजेडाला मर्यादा पडते. सूर्याएवढ्या वजनाच्या वस्तूला पडणारी मर्यादा सात नंबर शेकडो पटींनी ओलांडून बसला होता. मग दोनच वाटा उरत होत्या: एक तर तो प्रचंड जड आहे, हजार सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर आहे, किंवा मर्यादा मोडण्याची काहीतरी युक्ती त्याला माहीत आहे. दिपमालानं आणि तिच्या मार्गदर्शकांनी, चौधरी सरांनी, पहिली वाट धरली होती. शोधनिबंध परीक्षणाला गेला होता. सरांच्या ओळखीच्या एका वार्ताहरानं तेवढ्यावर बातमी केली होती, ‘हजार सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर: दोंडाईच्याच्या लेकीचा शोध’, आणि आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, ती कापून बाजार समितीतल्या आपल्या कप्प्याच्या दाराला आतून चिकटवली होती.

तिनं चौधरी सरांना फोन लावला. सर जामनेरला भाच्याच्या लग्नात होते, मागे सनई आणि मिक्सरचा आवाज एकत्र येत होता. 

“सर, सात नंबर गेला.”

“कुठे गेला?”

“विझलाय. नव्या निरीक्षणात नाहीये. निदान पन्नास पटींनी खाली आलाय, त्याच्याही खाली असेल.”

“दिशा तपासली?”

“तपासली. बाकी सगळे आहेत.”

“हं.” सरांनी बाजूच्या कुणाला तरी ‘आलोच’ असं सांगितलं. “हे बघ दिपमाला, उद्या सोमवार. उद्या बसू, शांतपणे बघू. कृष्णविवराचं खाणंही कमी होऊ शकतं. आज तू धुळ्याला जा, शाल घे, नारळ घे, आईवडिलांसोबत जेव. सत्काराला कुणी संदर्भसूची मागत नाही.”

“पण सर, जे आपणच आता खात्रीनं म्हणू शकत नाही त्याचा सत्कार...”

“सत्कार तुझा आहे, ठिपक्याचा नाही,” सर म्हणाले आणि स्वतःच हसले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनीच तिला सांगितलं होतं की दुर्बीण आपल्याकडे नसली म्हणून काय झालं, आकडे सगळ्यांचे असतात.

बस एरंडोलला पोचेपर्यंत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. बाहेर केळीच्या बागा मागे पडल्या आणि हरभऱ्याची शेतं लागली. तिला स्वतःचं नवल वाटत होतं. घाबरायला हवं होतं. पाच वर्षं, चार प्रकरणं, परीक्षणाला गेलेला निबंध, वरून फलक लावून वाट बघत असलेलं सभागृह. पण आत कुठंतरी एक स्वच्छ, थंड, जवळजवळ गोड अशी अस्वस्थता होती. परीक्षेत पेपर हातात पडल्यावर पहिला प्रश्न न येणारा निघतो आणि तरीही पेन उघडताना वाटतं की सुटेल, तशी. तिला वाटलं, आपल्याला हे कृष्णविवर एवढं का हवं होतं? आणि उत्तर शोधायला तिला फार लांब जावं लागलं नाही. ती दोंडाईच्याच्या मार्केट यार्डात वाढलेली. आबा मापाडी, काट्यापाशी उभे राहून पोती तोलायचे. आई, ताईबाई, गावाबाहेरच्या मिरची पथारीवर देठ खुडायला जायची. पथारीवर नजर जाईल तिथवर लाल मिरची वाळत पडलेली असायची, आणि आई संध्याकाळी घरी आल्यावर पोरीच्या तोंडाला हात लावायची नाही, मनगटाच्या मागच्या बाजूनं गाल चोळायची, कारण बोटांची आग दोन-दोन दिवस जायची नाही. आबा मात्र तिला काट्याशेजारी पोत्यावर बसवून ठेवायचे. तिथं जे ऐकलं ते सगळं वजनाबद्दल होतं. कुणाचा माल देखणा, कुणाचा रंगाला चांगला, हे व्यापारी बोलायचे. पण शेवटी काट्यावर जे उतरलं तेच खरं. पुढं पुण्याला उन्हाळी वर्गात गेली तेव्हा तिथल्या मुलामुलींची बोलणी ऐकताना, त्यांचे परदेशी मार्गदर्शक, त्यांच्या नावावर असलेल्या दुर्बिणीच्या रात्री ऐकताना, तिला पहिल्यांदा वाटलं होतं, की आपल्याजवळही काहीतरी जड असावं. त्यानंतर दोन वर्षांनी सात नंबर सापडला आणि त्याच्या उजेडाचं तिनं मुकाट्यानं वजन करून टाकलं. उजेड एवढा, म्हणजे वजन एवढं. तसं सगळेच करत होते. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त तोच एक काटा उपलब्ध आहे, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एका खळ्यावर पंखा लावून हरभरा उफणत होते. बस वेग कमी करून पुलावर चढत होती, म्हणून तिला ते नीट बघता आलं. बाई सुपातून वरून धान्य सोडत होती; जड दाणे सरळ खाली पडत होते, आणि भुसा पंख्याच्या वाऱ्यात सापडून लांब जाऊन पडत होता. मग बाईनं सूप हलवायचं थांबवलं, उरलेल्या हलक्या दाण्यांची धार बारीक झाली, आणि बारीक झालेली ती धारसुद्धा वाऱ्यानं उडवून नेली. खाली ढिगावर काही पडेना. 

दिपमाला सरळ बसली. 

कृष्णविवराचं खाणं कमी होतं तेव्हा त्याचा उजेड हळूहळू मंदावतो, दिवा वात खाली करत न्यावा तसा. पण सात नंबर मंदावला नव्हता. चारही जुन्या निरीक्षणांत तो जवळजवळ सारखाच तेजस्वी होता, आणि पाचव्यात नाहीच. मधलं काही नाही. एक तर पूर्ण लागलेला, नाहीतर पूर्ण बंद. असं फक्त तिथं होतं जिथं दारात कुणीतरी उभं असतं. मेलेल्या ताऱ्याचा एक लहानसा, घट्ट गोळा, न्यूट्रॉन तारा. स्वतःभोवती गरगर फिरणारा, आणि त्याच्याबरोबर फिरणारं त्याचं जबर चुंबकत्व. द्रव्य लोटानं येत असतं तोवर ते चुंबकत्वाला दाबून आत शिरतं, ध्रुवांवर कोसळतं आणि मर्यादा मोडून तळपतं, शिवाय तो सगळा उजेड एका बाजूला झोत सोडल्यासारखा आपल्याकडे येत असला तर आणखीच. पण द्रव्याची धार जरा बारीक झाली, की तेच फिरतं चुंबकत्व तिला बाहेर भिरकावून देतं. आत काही पोचत नाही. दिवा बंद. म्हणजे विझणं ही सात नंबरची अडचण नव्हती. विझणं ही त्याची ओळख होती.

ती मोठ्यानं हसली असावी, कारण शेजारच्या बाईनं वळून बघितलं आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली. असे तारे इतरत्र थोडेसे सापडलेले आहेत, हे तिला माहीत होतं. त्यांचे निबंध तिनं वाचले होते, संदर्भसूचीतही घातले होते. पण ते दुसऱ्यांचे तारे होते. हजार सूर्यांऐवजी दीड सूर्य, तिनं मनात म्हणून बघितलं. दीड. तिला वाटलं होतं की काहीतरी हातातून गळून पडल्यासारखं होईल. तसं झालं नाही. उलट, एवढीशी वस्तू आणि एवढा उजेड, हे आधीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी अवघड आणि कितीतरी देखणं होतं. आणि ते पडताळता येत होतं. कृष्णविवराला पृष्ठभाग नसतो, म्हणून त्याला ठोकाही नसतो. पण न्यूट्रॉन तारा फिरताना दीपगृहासारखा दर फेरीला एकदा झोत टाकतो. जुन्या निरीक्षणांत तो ठोका असणार. तिनं कधी शोधलाच नव्हता. तिला कृष्णविवरच दिसत होतं, मग शोधायचा कशाला? मुकटी गेलं, फागणं गेलं, धुळ्याची पाण्याची टाकी दिसायला लागली तरी ती मनातल्या मनात शोधाचा आराखडा मांडत होती. तारा आपल्या जोडीदाराभोवतीही फिरत असणार, त्यामुळे ठोके कधी दाटीनं येणार, कधी विरळ. सरळ मोजायला गेलं तर ते एकमेकांत मिसळून पुसले जाणार. आधी ती दाटी-विरळ सरळ करायची, मग मोजायचं.

सभागृहाच्या दारात फलक होता. त्यावर नेटवरून उतरवलेलं एक नारिंगी कडं, मधोमध काळं, आणि त्या काळ्यात तिचा एम.एस्सी.च्या वेळचा फोटो. खाली ‘कृष्णविवर-कन्या कु. दिपमाला हिलाल पाटील यांचा भव्य नागरी सत्कार’. प्रेमराज नाना, समाज मंडळाचे अध्यक्ष आणि निवृत्त मुख्याध्यापक, मुलाच्या लग्नात असावं तसे इकडून तिकडे धावत होते.

“नाना, एक बोलायचं होतं. आज सकाळी...”

“आधी आत ये पोरी, पाहुणे बसलेत. प्रवास नीट झाला ना? माईकवाल्याला सांगतो जरा, शिट्टी मारतोय तो.”

“नाना, ते कृष्णविवर नाहीये.”

“अगं असेल नसेल, ते तुझ्या भाषणात सांग,” नाना म्हणाले, आणि माईकवाल्याकडे गेले.

पहिल्या रांगेत आबा बसले होते. नवी पांढरी टोपी, गुडघ्यांवर दोन्ही तळहात, फोटो काढायला बसवल्यासारखे. शेजारी आई, ठेवणीतल्या हिरव्या लुगड्यात, आणि तिच्या मांडीवर घरून आणलेला डबा. सत्कार झाला. शाल नानांनी घातली, नारळ एका नगरसेवकानं दिला, आणि आबांना वर बोलावून त्यांच्या हातानं हार घालायला लावला. हार घालताना आबा तिच्याकडे बघतच नव्हते, हाराकडे बघत होते. त्या क्षणी तिला वाटलं, सरांचं ऐकावं. शाल घ्यावी, जेवावं, उद्या बघू. हे वाटणं खरं होतं आणि ते काही क्षण टिकलं. मग नाना म्हणाले, “आता दिपमालाताई दोन शब्द बोलतील,” आणि माईकपाशी जाताना तिला जाणवलं की तिच्याजवळ बोलायला दुसरं काही नाहीच. आज तिच्या डोक्यात तेवढंच होतं. 

“तुम्ही सगळे आलात,” तिनं सुरुवात केली, “मी ऋणी आहे. पण ज्या कामासाठी बोलावलंत, त्यातली एक गोष्ट आज सकाळी बदलली, आणि ती तुम्हाला न सांगता शाल घेऊन जाणं मला जमणार नाही.” समोरचे चेहरे तसेच होते, ऐकणारे आणि न ऐकणारे. तिनं आबांकडे बघितलं आणि भाषा आपोआप घरची झाली. “पेपरमा छापेल शे की मी हजार सूर्यना वजननं कृष्णविवर सापडावं. ते बराबर नही शे. ते कृष्णविवर नहीच शे, आसं माले आज वाटस. तो एक ल्हाना तारा शे, मरेल तारा, पन इतला तेज की बठ्ठा जगले वाटनं, हाऊ मोठाच व्हई. मालेबी वाटनं. आते तो काय शे ते मी सापडावसू. आन् सापडावसूच.”

मागच्या बाजूला कुणीतरी भाषण संपलं असं समजून टाळ्या वाजवल्या, त्यामागून बाकीच्यांनी. नानांनी पुढं होऊन माईक घेतला. “विज्ञानात असे चढउतार येतच असतात. दिपमालाताईंनी विनयानं ते सांगितलं. आता सर्वांनी भरीत-पुरीचा आस्वाद घ्यावा.” पंक्तीत लताबाई नावाच्या एका लांबच्या मावशीनं पिशवीतून गुडघ्याचा एक्स-रे काढून तिच्यापुढं धरला. “देख माय, तुले समजस ना यान्हामधलं?” तिनं तो खिडकीच्या उजेडात धरून मनापासून बघितला, आणि आपल्याला यातलं कळत नाही, हाडाच्या डॉक्टरकडे जा, असं सांगितलं. मावशीला ते पटलं नाही. ज्या पोरीला आभाळातलं कळतं तिला गुडघ्यातलं कसं कळत नाही, असा तिचा चेहरा होता.

आबा जेवले नाहीत. आईनं दिलेली पुरी पानात तशीच होती.

दोंडाईच्याच्या बसमध्ये तिघं एकाच बाकावर बसले, मध्ये आई. देवपूर मागे पडलं. 

“तुले आजच सांगनं व्हतं?” आबांनी खिडकीबाहेर बघत विचारलं.

“मंग कव्हय सांगतू, आबा?”

“उद्या. परोन दिन. तो काय पळी जाता व्हता का?”

“पळीच गया व्हता. म्हनीसनी तं सांगं.”

आई फसकन हसली आणि लगेच पदर तोंडाला लावला. आबांना हसू आलं नाही. “लोके इचारतीन, मंग मी काय सांगू? पेपरमा छापेल खोटं व्हतं आसं सांगू?”

“खोटं नही व्हतं. चूक व्हतं,” दिपमाला म्हणाली. तिला आपला आवाज ऐकू येत होता आणि तो शांत होता, वर्गात फळ्याशी उभं राहिल्यावर असतो तसा. “खोटं मी कधी बोलनू नही. चूक व्हस, आबा. चूक देखाई गयी ते चांगलं व्हयनं.”

आबांची मान तिच्या बाजूला वळली नाही, पण त्यांच्या बसण्यात काहीतरी ढिलं पडलं असं तिला वाटलं. कदाचित खड्डा असेल. बाहेर ऊन कलायला लागलं होतं. डाव्या हाताला सोनगीरचा किल्ला दिसू लागला, आणि बस गावात शिरून थांबली. कुणी उतरलं, कुणी तांब्याची भांडी बांधलेलं गाठोडं घेऊन चढलं.

“ल्हाना म्हंजे कितला ल्हाना?” आबांनी अचानक विचारलं.

तिनं मागे वळून आलेला रस्ता बघितला. “धुयापाईन आठेलोंग.”

“काय, धुयापाईन आठेलोंग?”

“तो तारा. या कडापाईन त्या कडालोंग इतलाच शे. धुयाना बस स्टँडपाईन सोनगीर.”

आबांनी आता तिच्याकडे नीट बघितलं, चेष्टा करते आहे की काय ते पारखायला. “आन् वजन?”

“दीड सूर्य.”

“आखा दीड सूर्य?”

“आखा दीड सूर्य. धुये ते सोनगीरमा.”

आबा बराच वेळ मागच्या रस्त्याकडे बघत राहिले. बस निघाली, सोनगीर मागे पडलं, तरी त्यांची मान वळलेलीच होती. हजार सूर्यांचं त्यांना काही वाटलं नव्हतं, हे तिला आत्ता कळलं. हजार हा नुसता मोठा आकडा होता, लोकांना सांगायचा. हे मात्र ते डोळ्यांनी मोजत होते: वाटेतला नाला, टोलनाका, धाबे, ज्वारीची शेतं, आणि त्यात कुठंतरी सगळा सूर्य आणि वर अर्धा. आईनं डबा उघडून दोघांच्या मध्ये धरला. आबांनी न बघता एक पुरी उचलली.

घरी पोचल्यावर दिवेलागणीला तिनं लॅपटॉप खाटेवर ठेवला आणि ठोक्याचा शोध सुरू करून दिला. सगळ्यांत जास्त वेळ चाललेलं जुनं निरीक्षण, तीन वर्षांपूर्वीचं. त्यातला क्ष-किरणांचा एकेक कण कुठल्या क्षणी आला ते आकडे. यंत्रानं शक्य तितक्या सगळ्या फेऱ्या आणि सगळ्या कक्षा धरून बघायच्या होत्या. ते सावकाश चालणारं काम होतं. ती जेवली आणि गाढ झोपली. स्वप्न पडलं नाही.

सकाळी अंगणात ऊन आलं होतं आणि कुठूनतरी मिरचीची झणझण येत होती, गावात या दिवसांत असतेच. पडद्यावर एक आडवी, खडबडीत रेघ होती, हजारो अंदाजांचा गोंगाट, आणि त्यातून एकच सुळका वर गेलेला. सव्वा सेकंदाला एक फेरी. तिनं डोळे मिटून परत उघडले. मग, सरांनी शिकवलं होतं तसं, आनंद व्हायच्या आधी तिनं तो पाडायचा प्रयत्न केला. योगायोगानं एवढा सुळका उठायची शक्यता किती? लाखात एकही नाही. दुर्बिणीच्याच एखाद्या यंत्राचा ठोका असेल? मग आठ नंबरमध्येही दिसायला हवा. आठ नंबरमध्ये नव्हता. दुसरं जुनं निरीक्षण घेतलं, त्याच्या एक वर्ष आधीचं. तिथंही होता, किंचित सावकाश फिरणारा. म्हणजे मधल्या वर्षात खाल्लेल्या द्रव्यानं त्याचा वेग वाढवला होता, आणि तो वाढायलाच हवा होता. ती हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली. साडेतीन कोटी प्रकाशवर्षांपलीकडे, सोनगीरपासून धुळ्याएवढी एक वस्तू फिरत होती, आणि ते तिला कळलं होतं, या खाटेवर. मोठं काही वाटलं नाही. बरोबर वाटलं.

सरांनी दुसऱ्या रिंगला फोन उचलला. तिनं सगळं सांगितलं, सुळका, दुसरं निरीक्षण, आठ नंबरची तपासणी. मग सरांनी तीन प्रश्न विचारले, आणि तिन्हींची उत्तरं तिच्याकडे होती.

“परीक्षणाला गेलेला निबंध मागे घ्यावा लागेल,” ते शेवटी म्हणाले.

“हो सर.”

“प्रबंधाचं तिसरं आणि चौथं प्रकरण जाईल. वर्ष वाढेल तुझं.”

“वाढू द्या.”

“वाढू द्या म्हणते!” सर म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जामनेरची सनई असल्यासारखी वाटली. “पत्र मी लिहितो संपादकांना. नव्या निबंधात तुझं नाव एकटीचं पुढं राहील, मी मागे. आणि ऐक, काल धुळ्याला काय केलंस?”

“सांगून टाकलं.”

“सगळ्यांसमोर?”

“सगळ्यांसमोर.”

सर म्हणाले, “बरं केलंस. माझ्याच्यानं झालं नसतं,” आणि त्यांनी फोन ठेवला.

ती बाहेर आली. आई चुलीपाशी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. आबा ओट्यावर उभे राहून फोनवर बोलत होते, कामाला जायच्या कपड्यांत, पिशवी खांद्याला. पलीकडे उखर्डू असणार, यार्डातला त्यांचा जोडीदार. काल त्यानं धुळ्याहून आलेल्या कुणाकडून तरी ऐकलं असणार.

“नही रे उखर्डू, पेपरवालानी नही,” आबा सांगत होते. “चूक तिन्हीच व्हती. हां. आन् तिनीच पकडी. दुसरा कोनी पकडी नही, तिनीच. बठ्ठास्ना समोर सांगं तिनी.” ते थोडं ऐकत राहिले. “कसानी लाज? तू एखांदाव तं सांगी देख चार लोकेस्ना समोर, मंग समजी.” मग ते वळले आणि त्यांना ती दारात दिसली. क्षणभर ते तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि फोन खाली घेऊन त्यांनी विचारलं, “सापडनं?”

“सापडनं.”

त्यांनी फोन तिच्यापुढं धरला. दिपमालानं तो घेतला आणि पायरीवर उन्हात बसली.

“उखर्डू काका,” ती म्हणाली, “काम बाजूले ठेवा आन् बठा. टाइम लागी. सुरूपाईन सांगस.”